मोहावर आलेली सावली

काल आमगावच्या बाजारात वाळल्या मोहफुलांच्या पोत्याजवळून गेले आणि त्या आंबूस-गोड वासानं मला सालेकशाकडच्या माझ्या पहिल्या शाळेत नेऊन बसवलं.

दुपार होती. तिसरीला प्रकाश आणि सावली शिकवताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. टॉर्चचे सेल उतरलेले, फुटक्या कौलांतून वर्गभर ऊन, त्यामुळे पुठ्ठ्याच्या हत्तीची सावली काही भिंतीवर पडेना. पहाटेपासून मोहफुलं वेचून आलेली मुलं जांभया देत होती. फुलं शाळेमागे वाळत घातलेली. जानकी तर सारखी खिडकीबाहेरच बघायची.

"काय आहे गं तिकडे?" मी खेकसले.

"मॅडम, सावली येऊन राहिली. मोहा सरकवा लागते. जाऊ का?"

"खाली बस! मी इथं सावलीच शिकवते आहे ना?"

शाळा सुटल्यावर मागे गेले. शाळेच्या सावलीत अर्धी फुलं गेली होती. जानकी ती घाईघाईनं उन्हात ओढत होती. बाजूला एक दगड मांडलेला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"सुटीच्या घंटीले सावली इथवर येते, मॅडम. मी सकाळीच ठेवला."

सावलीची कड दगडाला बरोबर टेकली होती.

पुढच्या चाचणीत, सावलीबद्दल दोन ओळी लिहा म्हटल्यावर तिनं लिहिलं, "सावली सरकते. तिच्या आधी मोहा सरकवा लागते."

पुस्तकात तसं नव्हतं. मी लाल पेनानं फुली मारली.