आधी सहा आठवडे फिजिओ

बुधवार, १४ ऑगस्ट २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. अमिरातीतील उम्म अल कुवैनमधल्या आमच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले आणि बसण्यापूर्वी त्यांनी खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरला.

"घाम फार येतो, डॉक्टर," ते म्हणाले.

ऑगस्ट होता. मी मान डोलावली.

मूळचे वसईचे. इथल्याच एका हॉटेलात साफसफाई विभागाचे सुपरवायझर. कंबर धरली होती, दोन्ही पायांत मुंग्या होत्या. टाचेच्या शिरेवर तपासणीची रबरी हातोडी मारली. एकही पाऊल हलले नाही.

"लघवीला काही त्रास?"

"नाही, नाही. सगळं ओके."

मी विमा कंपनीकडे मणक्याच्या एमआरआयची मागणी पाठवली. पंधरा मिनिटांत नकार आला. आधी सहा आठवडे फिजिओ.

येथे व्यवहार सांगणे आवश्यक आहे. विमा कंपनी आमच्या दवाखान्याला दर विमा कार्डामागे महिन्याला ठरावीक रक्कम देते. रुग्ण आला काय, न आला काय, रक्कम तीच. त्याला बाहेर तपासणीला किंवा इस्पितळात पाठवले, की तो खर्च वर्षअखेरीस त्याच रकमेतून वळता होतो. म्हणून कोणता डॉक्टर किती जणांना बाहेर पाठवतो, याचा आलेख दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर दाखवतात. माझी रेघ बहुधा लाल असते.

दवाखान्याची व्यवस्थापक दारात आली. पुण्याच्या आईबापांची, शारजात वाढलेली मुलगी.

"काका, धिस मंथ यू आर ऑलरेडी रेड. फिजिओ लिहा ना. खलास."

"खलास तू म्हणू शकतेस. मला त्याचे पाय दिसले आहेत."

"मग तुम्हीच बोला इन्शुरन्सवाल्यांशी. ऑल द बेस्ट."

मी फोन लावला. संगीत वाजत राहिले. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. गृहस्थांनी दारातून डोकावून विचारले, "डॉक्टर, स्वतः भरले तर किती?" मी आकडा सांगितला. "दोन हजार दिरहम? म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये! नको. पोरीची फी आहे." दार बंद झाले. संगीत चालूच होते. दुसऱ्यांदा फोन लावला, तेव्हा पलीकडे एक डॉक्टरच होते. मंजुरी देण्या-न देण्याची नोकरी करणारे.

"साहब, कमरदर्द में पहले छह हफ्ते फिजियो. कोई खतरे की निशानी है? पेशाब वगैरह?"

"मरीज मना करता है."

"फिर कैसे दूँ, साहब? मेरी भी कॉल रेकॉर्ड होती है."

त्यांचे चुकत नव्हते. मी फोन ठेवून बाहेर आलो. गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते, टॉवेलची घडी काखेत. समोर चार खुर्च्या रिकाम्या होत्या. एसी इतका गार, की स्वागतकक्षातील मुलगी स्वेटर घालून बसली होती. घामाचा प्रश्नच नव्हता.

त्यांना आत घेतले. दार लावले.

"टॉवेल कशासाठी?"

त्यांनी टॉवेलची घडी काखेत आणखी दाबली. मग म्हणाले, "हे कंप्यूटरमध्ये जातं ना, डॉक्टर? कार्ड हॉटेलनं दिलंय. एचआरला कळलं, तर बसा घरी."

"एचआरला तुमची फाइल दिसत नाही. केव्हापासून?"

"काल रात्रीपासून. थेंब थेंब. कळतच नाही."

"बसण्याची जागा बधिर आहे?"

"लाकडासारखी."

मणक्याच्या तळाशी नसा दाबल्या जात होत्या. अशा वेळी शस्त्रक्रियेला उशीर झाला, तर लघवीवरचा ताबा कायमचा जातो. पायही जाऊ शकतात. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितले. ज्या एका उत्तराने मंजुरी मिळाली असती, तेच त्यांनी लपवले होते.

आता मंजुरीची गरज उरली नव्हती. आणीबाणीला ती लागत नाही. पण रुग्णवाहिका जवळच्या इस्पितळात नेते, तिथे मणक्याचा सर्जन नाही, आणि तिथून पुढे हलवायला पुन्हा कागद. सर्जन शेजारच्या रास अल खैमात होता. मी गाडीची किल्ली घेतली.

"काका, बाहेर अकरा पेशंट आहेत!"

"दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठव."

तिने एकदा गृहस्थांच्या चालीकडे पाहिले. "मी रास अल खैमाच्या हॉस्पिटलला फोन करते. यल्ला, जा तुम्ही."

हा खर्चही दवाखान्याकडून वळता होतो का, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

गृहस्थ गाडीत बसेनात. "सीट खराब होईल, डॉक्टर."

"धुता येते. बसा."

वाटेत सिमेंटचे ट्रक रांगेने पुढे होते. मी हॉर्न वाजवत नाही. त्या दिवशी वाजवला. ते दर सिग्नलला एकच विचारत होते, "मी चालेन ना?" मला ठाऊक नव्हते. सिग्नल सुटला, की मी पुन्हा हॉर्न वाजवत होतो.

सर्जनने तिथेच काढलेला एमआरआय पाहिला आणि संध्याकाळीच त्यांना शस्त्रक्रियेला घेतले. बाहेर आल्यावर म्हणाला, "पाय वाचतील. लघवीचे दोन-तीन दिवसांत कळेल."

घरी पोहोचलो, तेव्हा त्यांचा टॉवेल सीटवरच होता. कोपऱ्यावर हॉटेलचा शिक्का. सीट पुसली. टॉवेल साबणात भिजवला, दोनदा खळबळून पिळला, बाल्कनीतल्या दोरीवर टाकला आणि चिमटा लावला.