दातांच्या डॉक्टरांचा कोट

जपानातल्या सेंदाई शहराबाहेरचा शेजारच्या आजींचा मळा त्यांच्या वडिलांनी जंगल तोडून काढलेला. मुळा विकतानाही त्या पाय आपटून सांगत, "इथले बुंधे बाबांनी उपटले!"

भूकंपात अणुभट्टी फुटली आणि किरणोत्साराच्या भीतीनं गिऱ्हाईक आटलं. भाजी तपासून निर्धोक ठरल्याचा सरकारी कागद मळ्याच्या कडेच्या टपरीवर होता, पण वाचतो कोण? एका रविवारी मी मदतीला गेलो, तर आजींनी दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट आणून माझ्या अंगावर चढवला.

"आजी, मी गणित शिकवतो!"

"मग मुळे मोज. गप्प उभा राहा."

मी गंभीरपणे मोजत राहिलो. लोक थबकले, कागद वाचू लागले. दुपारपर्यंत सगळे मुळे विकले गेले.

"जंगल हटवण्यात बाबांचा जन्म गेला; लोकांची भीती हटवायला एक कोट पुरला," आजी म्हणाल्या. "कोट काढू नकोस, अजून कोबी आहे."