गिधाडाच्या चोचीतली काडी

"ही दुर्बीण आहे? हिच्यातून पाहिलं तर जवळचा माणूससुद्धा सोडून चालल्यासारखा वाटतो. ठेव आत. दुसरी काढ."

आतोबा ओरडत होते. किला गेटपाशी जुने कॅमेरे, घड्याळं आणि दुर्बिणी विकणारं एक दुकान आहे, त्याच्या पायरीवर उभं राहून. दुर्बीण किल्ल्याच्या तटाकडे आणि तोंड दुकानदाराकडे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो: ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून आजवर जेवढ्या तोफा डागल्या गेल्या असतील, त्या सगळ्यांचा आवाज एकत्र केला तर आतोबांच्या कुजबुजीएवढा जेमतेम भरेल. ते किला गेटला बोलले की तिकडे बिर्लानगरात, मिल बंद पडून जमाना झाला तरी, म्हातारे कामगार भोंगा झाला समजून डबा शोधायला उठतात.

हा गळा त्यांच्याकडे वारशानं आला. त्यांचे पणजोबा दक्षिणेतून इकडे आले आणि दरबारच्या शिकारखान्यात हाकाऱ्यांचे मुकादम झाले. त्यांनी आरोळी ठोकली की वाघ झाडीतून बाहेर येई, तो घाबरून नव्हे, तर 'जरा हळू' असं सांगायला. ही माहिती आतोबांचीच, तेव्हा खरी असणारच. पण आता शिकारीवर कायद्याची बंदी आणि मटणावर आत्याची. म्हणून आतोबा दुर्बिणीनं शिकार करतात. पहाटे तिघऱ्याच्या धरणावर जायचं, एखादं बदक हेरायचं, श्वास रोखायचा आणि अगदी हळू म्हणायचं, "ठो." त्या हळू 'ठो'नं धरणावरची यच्चयावत बदकं उडून जातात. "लागलं," आतोबा समाधानानं म्हणतात, "जखमी आहे, फार लांब जाणार नाही." घरी आल्यावर आत्या विचारते, "आज काय मारून आणलंत?" "दोन चक्रवाक." "मग दुधीभोपळ्याला कशाला हात लावता? त्यांचाच रस्सा वाढून घ्या."

आणि एवढं असून आतोबांच्या मालकीची दुर्बीण नाही. जन्मभर पाहताहेत, एकही पसंत पडली नाही. मात्र नात्यागोत्यात ज्याला म्हणून दुर्बीण घ्यायची असेल, त्यानं आतोबांना बरोबर न्यायचं असा रिवाज आहे. मग आतोबा त्याला "तुझ्या बजेटात ही ठीक" असं म्हणून एक निवडून देतात आणि पुढल्याच रविवारी तीच मागून नेतात. त्यांच्या परीक्षा कडक. चमकदार लाल काच दिसली की "लिपस्टिक लावलीय हिनं" म्हणून ती बाद. "सौ गुना ज़ूम" असं खोक्यावर लिहिलं असेल तर खोकंसुद्धा उघडायचं नाही. "आकडा जेवढा मोठा तेवढा हात थरथरतो, समजलास ना? पक्षी दिसत नाही, स्वतःची धडधड दिसते. तुझ्यासारख्याला आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठ पट जवळ दिसतं आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. खिशालाही झेपते, मनगटालाही." मग दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेतला उजेडाचा थेंब गोल आहे की कोपरे कापलेला, ते बघायचं. मग कानाशी धरून हलवायची, आत काही वाजलं तर "हा खुळखुळा नातवाला दे." आणि या सगळ्यातून जी तरेल तिची शेवटची परीक्षा किल्ल्यावर. तटाच्या एका कपारीत पांढऱ्या गिधाडांचं घरटं आहे. दुकानाच्या पायरीवरून त्या गिधाडाच्या चोचीतली काडी दिसली पाहिजे. नुसती दिसून भागत नाही, ती बाभळीची की बोरीची तेही कळलं पाहिजे. "असली काच असते," आतोबा म्हणतात. "ह्यांच्याकडे नाही."

मला हरिशंकरपुरमच्या आमच्या घराच्या गच्चीवरून पक्षी बघायचा नाद लागला आणि रिवाजाप्रमाणे मी आतोबांना घेऊन या दुकानात आलो. आणखी एक परीक्षा होती, ती दुर्बीण विकत घेणाऱ्यानं स्वतः करायची. एका नळीवर तळवा ठेवून दुसरीतून बघायचं, मग उलट. दोन्ही नळ्या सारख्या हव्यात.

"आतोबा, उजव्या नळीत खालच्या कोपऱ्यात काळं आहे काहीतरी," मी म्हणालो.

आतोबांनी दुकानदाराचा उद्धार केला. दुसरी आली. तिच्याही उजव्या नळीत काळं. तिसरीतही. आतोबा आता असे तापले की शेजारच्या हलवायाचं दूध वर आलं. दुकानदार बिचारा हात जोडून म्हणाला, "भाईसाहब, सबके एक ही कोने में काला कैसे होगा?"

आतोबांनी माझ्या हातातली दुर्बीण घेतली, उलटी केली, खालची बाजू वर, म्हणजे उजवी नळी डाव्या डोळ्यावर आली, आणि परत माझ्या डोळ्यांना लावली. "आता बघ. काळं कुठे आहे?"

"उजवीकडेच," मी म्हणालो. "खालीच."

आणि आतोबा गप्प झाले.

मी या माणसाला लग्नात, मयतात, आत्याच्या समोरसुद्धा गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. हलवायानं झारा थांबवून वळून पाहिलं. आतोबांनी दुर्बीण काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाळ्या, गाडीवर बस." पन्नाशी उलटली तरी मी बाळ्याच. म्हटलं, "अहो, दुर्बीण?" "बस म्हटलं ना." एरवी आतोबांची स्कूटर हॉर्नवरच चालते, पेट्रोल नावाला. त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी एकदाही हॉर्न दिला नाही. मला खरी भीती वाटली ती त्यानं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, दिवा मारला आणि सांगितलं की आतला पडदा कडेनं सुटत चाललाय. दोन्ही डोळ्यांनी बघत होतो, म्हणून एकाची उणीव दुसरा भरून काढत होता. "पडदा मधपर्यंत सुटला असता तर गेलेली नज़र परत आणणं मुश्किल होतं. आज आलात हे चांगलं केलंत." मी आतोबांकडे पाहिलं. ते भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत असल्याचं दाखवत होते.

ऑपरेशन झालं. नंतरची शिक्षा अशी की पडदा जागेवर चिकटावा म्हणून दिवसरात्र पालथं पडायचं, तोंड जमिनीकडे. भेटायला येणारे माझ्या पाठीशी बोलून जात. आतोबा आले, त्यांनी माझी पाठ पाहिली, आत्याकडून चटई मागवली आणि सरळ माझ्या पलंगाच्या कडेला जमिनीवर उताणे झाले. मी वरून खाली, ते खालून वर. रोज येऊन असे पडायचे आणि पणजोबांचे वाघ सांगायचे, माझ्या एका उघड्या डोळ्याकडे बघत. "नीट बघ," म्हणायचे, "हे तोंड आठ बाय बेचाळीसच्या लायकीचं आहे." नर्स येऊन म्हणायची, "बाबूजी, धीरे बोलिए, लोग सो रहे हैं." आतोबा म्हणायचे, "धीरेच बोलतोय," आणि पलीकडच्या खोलीतला म्हातारा तिथून ओरडायचा, "फिर शेर का क्या हुआ?"

देवानं माणसाला डोळे दोन दिले हे खरं. पण माझा उजवा आतोबांनी दिलेला आहे, आणि ही एवढी एक गोष्ट मी या सगळ्यात फुगवून सांगितलेली नाही.

थंडी सरता सरता डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिली आणि आम्ही पुन्हा त्याच पायरीवर उभे राहिलो. दुकानदारानं तीच आठ बाय बेचाळीस काढून दिली. मी डाव्या नळीवर तळवा ठेवला. नुसत्या उजव्यानं तट शोधला, कपार शोधली. कुठेही काळं नव्हतं. पांढरं गिधाड नुकतंच येऊन टेकलं होतं.

"आतोबा," मी म्हणालो. "काडी दिसतेय. बाभळीची आहे. काटासुद्धा दिसतोय."

आतोबांनी दुर्बीण घेतली. हल्ली त्यांचा हात जरा कापतो, म्हणून कोपर माझ्या खांद्यावर टेकवलं. बराच वेळ पाहत राहिले. मग दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली, पट्टा सारखा केला.

"असेल," ते म्हणाले. "मला कधीच दिसली नाही."