मंडळींसह

आपल्या आतड्यांशी इतक्या अदबीने वागणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. एरवी मी मोजल्याशिवाय काही लिहीत नाही. हे मात्र न मोजता लिहितो. माझे नेरळचे थोरले साडू शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की मैदानाबाहेरची गुरंसुद्धा रवंथ थांबवत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. हाच माणूस पुढे दोन वर्षं कुजबुजल्यासारखा बोलायचा, कारण मोठ्याने बोललं की म्हणे पोटातली मंडळी दचकतात.

‘मंडळी’ हा त्यांचा जुना शब्द. जुन्या वळणाप्रमाणे ते बायकोला मंडळी म्हणत. त्यांना काहीही विचारा, “मंडळींना विचारून सांगतो,” हे उत्तर ठरलेलं. त्यावर स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “मी एकटीच आहे हो, मंडळी कसली?” ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तीन वर्षांपूर्वी गेली. मास्तरांच्या दुपारच्या ताटाशी तिने घुसळलेलं ताक कधी चुकलं नव्हतं. ती गेल्यावर काही महिन्यांतच त्यांचं पोट बिघडलं. कधी चार-चार दिवस काही नाही, कधी सकाळपासून पाच फेऱ्या, आणि मधूनच अशी कळ की ताठ उभा माणूस वाकून जायचा. तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, आतडं चिडकं आहे. “चाळीस वर्षं मी पोरांवर चिडलो, आता ते माझ्यावर चिडतंय,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी चांगल्या जंतूंच्या कॅप्सूलबद्दल विचारलं. मी शेजारीच बसलो होतो, त्यामुळे डॉक्टरांचं उत्तर मला नीट आठवतं. “काहींना गुण येतो, काहींना येत नाही. कुणाला येईल ते आधी सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक डबीतला जंतू वेगळा. एकच प्रकार महिनाभर घ्या, फरक वाटला नाही तर सोडून द्या.” यातलं ‘घ्या’ एवढंच मास्तरांच्या कानात शिरलं.

डबीवर लिहिलं होतं, एका कॅप्सूलमध्ये पाचशे कोटी जिवंत जंतू. ‘जिवंत’ या शब्दावर मास्तर थांबले ते थांबलेच. एवढी वस्ती रोज पोटात उतरते म्हटल्यावर तिची बडदास्त ठेवायला नको? त्यांनी मिरची सोडली, कारण मंडळींना झोंबेल. उजव्या कुशीवर झोपणं सोडलं, कारण मंडळी एका बाजूला लोटली जातील. चहा बशीत ओतून पार गार होईपर्यंत समोर ठेवू लागले, कारण मंडळी भाजतील. रिक्षात बसले की सांगायचे, “हळू घे रे बाबा, सोबत मंडळी आहेत.” नेरळ स्टेशनवरच्या एका रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं आणि विचारलं, “कुटं हायेत काका? का त्या मागल्या रिक्षानं येतात?”

दीड वर्ष झालं तरी हा महिना संपेना, तेव्हा मी वही काढली. चार आठवडे कॅप्सूल घ्यायची, चार आठवडे नाही. रोज सकाळी नऊ वाजता मास्तरांनी मला खालापूरला फोन करून फक्त ‘बरा’ किंवा ‘वाईट’ एवढंच सांगायचं. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. आठ आठवड्यांनी बेरीज केली तर दोन्ही बाजूंत एका दिवसाचा फरक. एका माणसाच्या वहीवरून औषधाचा निकाल लागत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या कुणाला ती डबी लागू पडतही असेल. पण मास्तरांना तिचा उपयोग दिसत नव्हता आणि मी ते तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी डबी हातात फिरवून बघितली. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मंडळींना जा म्हणू?” मी वहीत पुढचं पान आखलं; कॅप्सूल आणि नऊचा फोन, दोन्ही चालूच राहिले.

खरी काळजी वेगळीच होती. पोटाच्या धास्तीने मास्तरांनी कुणाकडे जेवायला जाणं बंद केलं होतं. लग्नं गेली, बारशी गेली, आमच्याकडेही ते येऊन नुसते बसायचे. वही ठेवत होतो मी पोटाची. डोळ्यांसमोर आटत चालला होता तो माणूस.

अशात पोशीर गावच्या एका जुन्या विद्यार्थ्याने नव्या घराच्या पूजेला बोलावलं. मास्तर नको म्हणत होते, पण तो ऐकेना. शेवटी फोनवर म्हणाले, “बरं, येतो. पण मंडळी सोबत आहेत, त्यांना झेपेल असंच वाढ.” तो आनंदाने ओरडला, “आणा की मास्तर, मंडळींना घेऊनच या!”

आम्ही दोघं पोचलो. त्याची म्हातारी आई दारातच उभी होती. तिने आधी आमच्या मागे बघितलं, मग रस्त्यावर बघितलं.

“मास्तर, मंडळी कुटं हाय? रिक्षात बसवून ठेवलीत का काय तिला?”

मास्तरांनी सवयीने पोटावर हात ठेवला. “ही काय, इथं आहेत.”

म्हातारी त्या पोटाकडे बघतच राहिली. “अगं बया! आमाला वाटलं मास्तरांनी दुसरं लगीन केलं! मी तर नव्या नवरीची ओटी भरायला खण-नारळ आणून ठेवला हाय रं!”

आत खरोखरच दोन ताटं मांडली होती, शेजारी-शेजारी, आणि एका ताटाजवळ हिरवा खण, नारळ नि बांगड्या. मास्तर हसले. कुजबुजून नव्हे, मैदानावरच्या आवाजात हसले. म्हातारीचा पोरगा लाजून दुसरं ताट उचलायला वाकला, तसे म्हणाले, “राहू दे रे. असू दे तिथेच.”

त्या ताटाशेजारी बसून त्यांनी वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. भात खाल्ला, ताक प्यायले. मी प्रत्येक वाढप मोजत होतो आणि मनात घाबरत होतो. निघताना म्हातारीने खण त्यांच्या हातात दिला. “न्या मास्तर. मंडळीच्या नावानं काढलाय, मी परत पेटीत कसा ठेवू?”

दुसऱ्या दिवशी नऊला फोन आला.

“काय लिहू?” मी विचारलं.

“वाईट. पहाटेपासून पाच फेऱ्या.” मग म्हणाले, “पण कालचा दिवस फार चांगला गेला रे. तो तुझ्या वहीत कुठे लिहितोस?”

माझ्या वहीत त्याला जागा नव्हती.

कॅप्सूल त्यांनी त्याच आठवड्यात बंद केल्या. पोट आहे तसंच आहे, कधी बरं, कधी वाईट. मात्र आता ते बोलावलं की जातात, आणि रविवारी आमच्याकडे जेवतात. नऊचा फोन थांबला. त्या वेळेला अजून माझा हात फोनकडे जातो.

परवाच्या रविवारी चहाची बशी त्यांच्यासमोर कधीची तशीच होती. मी म्हटलं, “मास्तर, आता आत कुणी भाजत नाही. गरम प्या की.”

“सवय लागली रे,” ते म्हणाले.

मी आत गेलो तर बायको कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, “ताईचा चहा नेहमी गारच व्हायचा. सगळ्यांना देऊन होईपर्यंत तिच्या बशीत साय धरलेली असायची.”

मी बाहेर येऊन बघितलं. मास्तरांच्या बशीत साय धरली होती, आणि ती बाजूला न सारता ते सावकाश पीत होते.