लिफ्टपाशी मारलेली हाक

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली बाई कुठूनही निघताना मागे वळून हाक मारायची. समुद्रावरून निघताना, दातांच्या डॉक्टरकडून निघताना, एकदा तर सुपरमार्केटच्या बिस्किटांच्या रांगेतून बाहेर पडताना. "इन्तायोन, दिका अगबतबती," असं पुटपुटत ती माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवायची. म्हणजे, चल, निघू या, मागे राहू नकोस. हे ती माणसाला म्हणत नसे, त्याच्या जिवाला म्हणत असे. तिच्याकडच्या समजुतीप्रमाणे शरीर निघून येतं, जीव मात्र कधीकधी तिथेच रेंगाळतो, विशेषतः माणूस घाबरला असेल तर. म्हणून त्याला सोबत बोलवायचं. मी तिची टिंगल करायचो. "झाली का हजेरी? आले सगळे?" ती हसायची, पण हाक मारायचं सोडायची नाही.

ती फिलिपिन्समधल्या बागियो या डोंगरावरच्या शहराची. आम्ही तिला मनांग म्हणायचो, त्यांच्याकडे ताईला म्हणतात ते. बहारीनमधल्या हूरा भागात, चौथ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. सकाळी ती सलूनमध्ये काम करायची आणि दुपारी शाळेतून आली की माझी सहा वर्षांची मुलगी तिच्याकडे असायची. बायको एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर, शिफ्टची नोकरी. मी मूळचा नागपूरचा, लिफ्टचा टेक्निशियन, जुफैरच्या उंच इमारतींत दिवसभर वरखाली करणारा.

फेब्रुवारीत मनांगच्या शहरात फुलांचा उत्सव असतो. फुलांनी मढवलेल्या गाड्या निघतात, शाळकरी पोरं फुलं होऊन रस्त्यावर नाचतात आणि सगळ्यात आधी डोंगरातल्या जमातींचे म्हातारे पितळेच्या चपट्या घंटा बडवत गोल फिरतात. मनांगची आजी त्याच लोकांतली. इथे बहारीनमध्ये तिच्या गावकऱ्यांनी एका शुक्रवारी दुपारी हूऱ्यातल्याच एका जुन्या इमारतीचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल घेतला. एवढी फुलं कुठून आणणार? महिनाभर आमच्या दोन्ही घरांत क्रेप कागदाच्या पाकळ्या उडत होत्या. माझी मुलगी सूर्यफूल होणार होती. बागियोच्या उतारांवर रानसूर्यफुलं माजतात म्हणे, मनांगनं तिला तेच केलं.

त्या दिवशी बायकोची ड्यूटी होती, म्हणून पोरगी माझ्या हवाली. सुरुवातीला एका म्हाताऱ्या गृहस्थानं पूर्वजांसाठी जमिनीवर थोडं पेय सांडलं. गावी तांदळाची दारू असते, इथे कागदी पेल्यातला आंब्याचा रस होता. मग घंटा सुरू झाल्या. मी मोबाइल काढून व्हिडिओ घेत राहिलो. दोन मिनिटं, फार तर तीन. खाली बघितलं तर सूर्यफूल नव्हतं.

आधी मी चिडलो. टॉयलेट, स्टेज, स्वयंपाकाची खोली, सगळं पाहिलं. मग चिडीची जागा भीतीनं घेतली. जिन्यातून तळमजल्यापर्यंत गेलो. वॉचमन म्हणाला, "इधर से कोई बच्चा नहीं निकला. लिफ्ट भी दस मिनट से बंद है." मी परत वर धावलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या फटीत कागदाची एक पिवळी पाकळी अडकली होती.

मी दाराला कान लावला. हॉलमधल्या घंटांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आत अंधार असणार, पंखा बंद असणार, हे मला सांगायला कुणी नको होतं. आमच्या कामाचा पहिला नियम मी प्रत्येक नव्या टेक्निशियनला घोकून घेतो: आधी आवाज, मग हात. आत माणूस अडकला की पहिल्यांदा त्याच्याशी बोलायचं, मी आलोय, घाबरू नका, दारापासून लांब बसा. मगच हत्याराला हात लावायचा.

मी आवाज दिला नाही. सुट्टीच्या दिवशीही कमरेला असते ती कामाच्या किल्ल्यांची जुडी सावरली आणि गच्चीवरच्या मशीन रूमकडे पळालो. मेन बंद केला, ब्रेक सोडून केबिन हातानं मजल्याला आणली, खाली येऊन दार उघडलं. ती कोपऱ्यात उकिडवी बसली होती, पाकळ्या घामानं मानेला चिकटलेल्या. रडत नव्हती. मी उचललं तर माझ्या गळ्यात हातसुद्धा टाकले नाहीत.

मनांग धावत आली. "थांब, दोन मिनिटं. तिला बोलावून घेऊ दे. ती अजून आत आहे."

"खलास! बस झालं!" मी तिच्यावर खेकसलो. "पोरगी माझ्या हातात आहे, दिसत नाही?" आणि तडक जिना उतरलो.

त्यानंतर पोरगी बोललीच नाही.

खायची, चित्रं काढायची, विचारलं तर मान हलवायची. चार मजले जिन्यानं चढायची. डॉक्टरनं कान, घसा, सगळं तपासलं. धक्का बसलाय, वेळ द्या, म्हणाले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला. पाचव्या दिवशी जुफैरच्या एका इमारतीत पाना माझ्या हातातून निसटून लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि त्याचा आवाज येईपर्यंत माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. ही पोर पुन्हा कधीच बोलली नाही तर? दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं. शुक्रवारी नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पोरगी "जय भीम, आजी" म्हणायची, तिच्या तोंडचं मराठी जवळजवळ तेवढंच. बाकी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. त्या शुक्रवारी मी आईला सांगितलं, झोपली आहे. पोरगी समोर बसून माझं खोटं ऐकत होती.

मनांग रोज एकदा दारात यायची. "तिथे जाऊन बोलवू या. एवढंच." मी रोज नाही म्हणायचो.

माझा नकार उगीच नव्हता. आमचं घर आजोबांच्या वेळेपासून दीक्षा घेतलेलं. त्याआधी गावात आईच्या धाकट्या बहिणीचा ताप डोक्यात गेला आणि ती बोलेनाशी झाली, तेव्हा मांत्रिकानं दार लावून तिला मिरच्यांची धुरी दिली होती. मावशी त्या खोलीतून जिवंत बाहेर आली नाही. आई हे आम्हाला गोष्टीसारखं सांगत नसे, ताकीद म्हणून सांगत असे. माझ्या हातानं माझ्या पोरीला तसल्या वाटेवर न्यायचं? मला भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर याहून मोठी भीती ही होती, की मी नेईन आणि तरीही काही होणार नाही. मग करायला काहीच उरणार नव्हतं.

नवव्या दिवशी बायको भडकली. "धुरी नाही, मिरची नाही, लिंबू नाही. फक्त आवाज द्यायचा म्हणून राहिली ती. तुमचं काय जाते त्याच्यात?"

"मी नाही मानत हे."

"तुम्हाला मान कोण म्हणून राहिलं? डॉक्टरचंही ऐकून झालं ना आपलं?"

तेवढ्यात दारात आलेल्या मनांगनं आणखी एक गोष्ट सांगितली. हाक तिनं मारून भागणार नव्हतं. आईनं किंवा बापानं मारायची, ज्याच्या हातून मूल सुटलं त्यानं. आणि घरच्या भाषेत, घरच्या नावानं. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं त्या इमारतीत गेलो. हॉल बंद होता, जिन्यात कुणी नव्हतं. लिफ्ट दुरुस्त झाली होती, तिसऱ्या मजल्यावर हिरवा दिवा लागला होता. मनांगनं कागदी सूर्यफुलाचा तो झगा माझ्या हातात दिला. "दाराकडे तोंड कर. मोठ्यानं. तीनदा." पोरगी बायकोचा हात धरून माझ्या मागे उभी होती.

मी दाराकडे तोंड केलं. शंभर लिफ्टपाशी उभा राहून मी अनोळखी माणसांना आवाज दिले आहेत, दारूड्यांना, शेखांना, गरोदर बायकांना. या दारासमोर तोंड उघडेना. वीस वर्षं लिफ्टचं काम केलेला टेक्निशियन, हातात कागदाचा झगा.

शेवटी मी तिला घरात म्हणतो त्या नावानं हाक मारली. आवाज चिरका निघाला. "चल बाई घरी. मागं नको राहू."

काही नाही. लिफ्टचा दिवा तसाच.

दुसऱ्यांदा मारली. या वेळी मोठ्यानं, आणि मग थांबवेना. "बाबा आला आहे. दारापासून लांब बस. घाबरू नको, मी इथंच आहे. मी इथंच उभा आहे." हे मनांगनं शिकवलेलं नव्हतं. माझ्या कामाचं होतं, दहा दिवस उशिरा आलेलं.

तिसरी हाक मारली. मागून हळू आवाज आला, "ओ."

माझी आई हाक मारायची तेव्हा आम्ही असंच ओ द्यायचो. पोरीनं ते कधी उचललं, मला माहीत नाही. मी वळलो. बायको तोंडावर हात धरून भिंतीला टेकली होती. पोरगी माझ्याकडे नाही, माझ्या कमरेच्या जुडीकडे बघत होती.

"तेव्हा का नाही मारली हाक?" ती म्हणाली. मराठीत. "मला किल्ल्या ऐकू आल्या होत्या. मी म्हटलं, बाबा आहे, आता बोलेल. मग किल्ल्या गेल्या."

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. घंटांच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं म्हणता आलं असतं. मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मला भीती वाटली," मी म्हणालो. "हाक मारली आणि तू ओ दिली नाहीस तर."

 तिनं माझ्या हातातला झगा घेतला, चुरगळलेली एक पाकळी बोटानं सरळ केली आणि म्हणाली, "मी दिली असती."