सात नंबरचे बूट

गोमाला पन्नास वर्षांत कुणी पायाचा नंबर विचारला नव्हता. बारवी धरणाकडच्या वाडीतला माणूस. शेतात अनवाणी, बाजाराला चप्पल, संपलं. अंबरनाथच्या कारखान्यात कंत्राटी हमाल म्हणून लागला, तेव्हा बूटवाटपाच्या रांगेत कारकुनाने विचारलं, "नंबर?" पुढचा सात म्हणाला होता, म्हणून गोमाही सात म्हणाला. मागचे नऊही सातच म्हणाले. आपलं अडाणीपण झाकायला माणूस काय वाटेल ते करतो! गोमाचा फताडा पाय त्या कडक बुटात कसाबसा कोंबला गेला.

पुढे त्याची थोरली पोर निशा नर्सिंग शिकली. वाडीतली पहिलीच. आणि नोकरी लागली ती नेमकी त्याच कारखान्याच्या दवाखान्यात. गोमाला आभाळ ठेंगणं झालं, पण त्याने पोरीला बजावलं, "तिथं मी तुझा बा नाय. हमालाची पोर म्हटल्यावर तुझं कोन ऐकेल?" निशा भांडली, दोन दिवस जेवली नाही, शेवटी तिनेच हात टेकले. सगळ्या हमालांना ती मामा म्हणायची. बापालाही मामाच म्हणू लागली. गोमा लांबूनच तिचा पांढरा कोट बघायचा आणि मनातल्या मनात फुलायचा. सांगणार कुणाला?

निशा जवळच खरवईत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, वाडीत आली तर रविवारी. त्यामुळे बापाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतायला लागलं ते तिला कळलंच नाही. गोमाने सगळे करतात तेच केलं. ब्लेड घेऊन नखाचा कोपरा खोदून काढला. दोन दिवस बरं वाटलं. मग अंगठा टोमॅटोसारखा सुजला आणि पू धरला. पोर घरी आली की हा गडी तो पाय दुसऱ्या मांडीखाली घेऊन बसायचा.

एका शनिवारी निशाने गोदामात पाय तपासायला सगळ्या हमालांना बूट काढायला लावले. गोमाने मागे सरकून पाहिलं, पण गोदामात लपणार कुठे? निशा त्याच्यासमोर आली, खाली बसली आणि त्याचा मळका पाय तिने सरळ मांडीवर घेतला. क्षणभर तिचा हात थांबला.

"ब्लेड लावलंत ना, गोमामामा?"

लावलंत. तुम्ही. ठसठसत्या अंगठ्यापेक्षा ते गोमाला जास्त लागलं. आपणच घातलेली अट पोर पाळत होती. त्याला स्वतःचाच राग आला.

"सगळे ऐका," निशा म्हणाली. "नखाचा कोपरा खोदायचा नाही. आत काटा राहतो आणि नख वाढलं की तोच मांसात घुसतो. नख सरळ कापायचं, फार आखूड नाही. नुसतं दुखत असेल तर रोज कोमट पाण्यात पाय बुडवा. पू असेल किंवा अंगात साखर असेल तर घरी हात लावायचा नाही, माझ्याकडे यायचं." एरवीचे बडबडे हमाल गप्प बसून ऐकत होते. हमालाची पोर म्हणून कोण ऐकेल म्हणे! गोमाने मान खाली घातली.

डॉक्टरांनी अंगठा बधिर करून नखाची रुतलेली कड काढली. पट्टी रोज निशानेच बदलली. आणि त्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की या अकराही हमालांच्या बुटांचा नंबर एकच आहे. कसा ते तिने कुणाला विचारलं नाही. साहेबांकडे मात्र खेटे घातले आणि नवे बूट मंजूर करून घेतले.

वाटप पाळी सुटताना ठेवलं, कारण संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो. निशाने कागद अंथरला आणि प्रत्येकाच्या दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. मोठ्या पायाचं माप धरायचं, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडायची. माप झालेला माणूस कारकुनापुढे जायचा.

"नंबर?"

"आठ," गोमा म्हणाला.

"मागं तर सात म्हणाला होतास. नक्की ना?"

"नक्की. माझ्या पोरीनं मापलाय."

"कुठली पोरगी?"

गोमाने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही काय, नर्सबाई. माझी निशा हाय ती. माझी थोरली."

कुणीतरी "अरे वा, गोमा!" म्हणालं. निशाची पेन्सिल कागदावरच थांबली. तिचे डोळे भरून आले होते, पण काम सोडून उठली असती तर ती निशा कसली!

"बा," ती म्हणाली, "घालून जरा चालून दाखव मला."

आणि गोमा नवे बूट घालून गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, सगळ्यांच्या देखत, न लंगडता.