पहिल्या दिवसाची पाटी

आमच्या शेजारची व्हर्ना शाळेची बस चालवते. सगळं गाव तिला खडूस म्हणतं, आणि आहेच ती! कुणाच्या वाढदिवसाला फोटोसाठी फोन वर झाले की ही तोंड फिरवून गरजणार, "केक काय फोननं खायचाय? ठेवा तो खाली!"

तिला हसणाऱ्यांना काय ठाऊक? जावई लेकीचा जीव घ्यायला उठला, तेव्हा लेक कॉरीन आणि नात टेसा यांना घेऊन ती तीन राज्यं ओलांडून आमच्या ओहायोत आली. या गल्लीत हे फक्त मला माहीत.

परवा शाळा सुरू झाली. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक आई पोराला दारात उभं करते, हातात पाटी देते आणि फोटो टाकते. पाटीवर नाव, इयत्ता, बाईंचं नाव, शाळा. कॉरीननंही टाकला. व्हर्ना बसची फेरी संपवून आली, तेव्हा मी त्यांच्याच घरी कॉफी पीत होते.

"मोजक्या जुन्या मैत्रिणींनाच दिसतो गं आई," कॉरीन म्हणाली. "पोरगी रडत होती, माझाच फोटो का नाही म्हणून."

"मैत्रिणींना नवरे नसतात? भाऊ नसतात? काढ आधी तो!"

कॉरीननं फोन उघडला आणि तो आमच्यापुढे धरला. फोटोखाली भलत्याच नावानं कुणीतरी लिहिलं होतं, "पुढचा दात पडला वाटतं माझ्या सोन्याचा. भेटू लवकरच."

'माझ्या सोन्याचा'! बापाशिवाय असं कोण लिहिणार? पोलिसांना फोन केला, तर म्हणे यात धमकी कुठाय? डोंबल तुमचं!

व्हर्नानं किल्ल्या उचलल्या आणि टेसाला आणायला शाळेत गेली. ती परत येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीशी उभ्या होतो. गल्लीत अनोळखी गाडी वळली की कॉरीन माझं मनगट आवळायची. खोटं कशाला बोलू, मीही देवाचा धावा करत होते.

टेसा आली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. दुपारपर्यंत त्यांनी गाडीत सामान भरलं. कुठं चाललात, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मागच्या सीटवर पट्टा लावून घेत पोरीनं अगदी सहज विचारलं, "आजी, या वेळी माझं नाव काय ठेवायचं?"

व्हर्नानं माझ्याकडे बघितलं. मी पटकन घरात गेले. ते नाव मला कळायला नको होतं.